घरच्या शाळेतलं नववीचं गणित, आणि आजीची पाऊणकी

या वेळचं पत्र गुहागरकडून आलंय. पत्र लांब आहे, कामाचं तेवढं इथे देते.

"ताई, नमस्कार. आमची दोन मुलं, मुलगी १४ वर्षांची आणि मुलगा १२ चा. गेली ४ वर्षं आम्ही त्यांना घरीच शिकवतोय. मुलीला पाचवी झाल्यावर शाळेतून काढलं, मुलगा तिसरीत होता. बाकी सगळं छान चाललंय पण गणिताचं गाडं अडलंय. मुलगी आता नववीचं करतेय, बहुपदींचे अवयव आले की रडकुंडीला येते. मी स्वतः बारावी आर्ट्स. अमेरिकेत असलेले दीर म्हणतात की तिकडचा होमस्कूलिंगचा सेट पाठवतो, तो घ्या. मैत्रीण म्हणते आयजीसीएसई कर, ती परदेशी बोर्डाची दहावी. शेजारचे काका म्हणतात गप १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसव. सासूबाई म्हणतात शाळेत घाल. आंबा बागायत आणि दोन खोल्यांचा होमस्टे आहे त्यामुळे मार्च ते मे घरात कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. नववी-दहावीच्या गणितासाठी नक्की कुठला अभ्यासक्रम घेऊ? वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडतेय. — दोन मुलांची आई"

अगं, मी तुला सरळ तूच म्हणते, चालेल ना. चार जणांनी चार सल्ले दिलेत, आता मी पाचवी. पण पत्रापेक्षा मला तुझा तो वहीचा फोटो जास्त बोलका वाटला, म्हणून तिथूनच सुरू करते.

फोटो मी झूम करून बघितला. पानावर गणित आहे क्ष² − ५क्ष − २४ चे अवयव पाडा. (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, मी जुन्या सवयीने क्ष लिहितेय.) लेकीने २४ चे ८ आणि ३ बरोब्बर पाडलेत, म्हणजे पद्धत तिला कळलीय, आणि मग लिहिलंय (क्ष + ८)(क्ष − ३). उलटं झालं. ८ आणि −३ ची बेरीज +५ येते, आपल्याला हवी −५, म्हणजे (क्ष − ८)(क्ष + ३). तिने मागे जाऊन ताळा केला, चुकलंय ते कळलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं, तिथे कागद फाटलाय. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात, बहुतेक आधीच्या कुठल्या गणिताचं रफ काम असेल, तिथे २/३ + १/४ = ३/७ असं लिहिलंय.

बघितलंस का? रडू येतंय अवयवांपाशी पण गळती आहे सहावी-सातवीत. ऋण चिन्हं आणि अपूर्णांक. पावसात पाणी माजघरात ठिबकतं म्हणून माजघराचंच कौल बदलून चालत नाही ना, ते वरून कुठून तरी पन्हळीतून वाहत आलेलं असतं. तसंच आहे हे. आणि हे मी तुला दोष द्यायला म्हणत नाहीये, शाळेत जाणाऱ्या मुलांची पण हीच गत असते, फक्त तिथे ५० जणांच्या वर्गात ते झाकलं जातं आणि तुझ्या घरी दोनच मुलं म्हणून दिसलं.

त्यामुळे कुठलाही सेट मागवायच्या आधी एक कर. एका पाठकोऱ्या कागदावर १२ गणितं काढ, सगळी आठवीच्या आतली. ५/६ मधून ३/४ वजा कर. −७ − (−३) किती. ८४० चे १५ टक्के. ३क्ष − ५ = १६. एखादं घरचं, म्हणजे साडेपाच डझनाची पेटी २७५० ला दिली तर पावणेदोन डझनाचे किती घ्यायचे. (८७५, पण तिला सांगू नकोस.) अशी. वेळ लावू नकोस, घड्याळ समोर ठेवू नकोस, तू पण डोक्यावर उभी राहू नकोस, तिकडे कोकमं वाळत घाल जा. १२ पैकी १० बरोबर आली तर नववी चालू ठेव. ७ ते ९ आली तर दीड-दोन महिने मागे जायचं. त्याहून कमी असतील तर सातवीच्या पुस्तकापासून, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, घरी शिकवण्याचा फायदाच तो की वर्गाबरोबर फरफटत जायला लागत नाही.

आता अभ्यासक्रम. इथे माझं एक मत आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचशील. हायस्कूलच्या गणिताचं पुस्तक मुलासाठी निवडायचं नसतं. जो माणूस मुलासोबत बसणार आहे त्याच्यासाठी निवडायचं असतं. तू बारावी आर्ट्स आहेस, तुझं शेवटचं गणित दहावीचं, ते पण मराठीतून. तर पुस्तक असं पाहिजे की आदल्या रात्री भांडी आवरल्यावर तू एकटी बसून तो धडा वाचून, सरावसंचातली चार गणितं सोडवू शकशील. जे पुस्तक तुला आदल्या रात्री कळत नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कुठून कळणार.

हे शहाणपण मला स्वस्तात मिळालेलं नाही. माझ्या मुलाला मी आठवी ते दहावी घरी शिकवलं तेव्हा मी पण एक परदेशी सेट मागवला होता, चांगले पैसे मोजून, कस्टम भरून. खोका उघडला तेव्हा काय आनंद, गुळगुळीत पानं, रंगीत चित्रं, शिक्षकाचं पुस्तक वेगळं, उत्तरांचं वेगळं. मला वाटलं आता मी सुटले, पुस्तकच शिकवेल. पहिले तीन धडे मी सोबत बसले, मग गणपती आले, मग पाहुणे, मग मुलगा एकटाच करायला लागला आणि "झालं" म्हणायला लागला आणि मीही ते खरं धरलं. दिवाळीनंतर उघडून बघते तर आठव्या धड्याच्या पुढची पानं दमट हवेने एकमेकांना चिकटलेली, म्हणजे पानच कोणी उलटलं नव्हतं! पुस्तक वाईट नव्हतं गं. मी त्यात नव्हते.

तर दिरांच्या सेटबद्दल. अमेरिकेत हायस्कूलचं गणित वर्षावर्षाला वाटलेलं असतं, एक वर्ष अल्जेब्रा वन, एक वर्ष जॉमेट्री, मग अल्जेब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस असं. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दरवर्षी शेजारी शेजारी चालतात. म्हणजे त्या सेटने वर्षभर नुसतं बीजगणित केलं की वर्षाअखेरीस इथल्या कुठल्याच परीक्षेशी ते जुळत नाही, भूमिती पूर्ण कोरी राहते. शिवाय फूट, गॅलन, डॉलर. पण त्यातल्या सॅक्सनसारख्या सेटची एक पद्धत मला फार आवडते आणि ती फुकट उचलता येते. धडा छोटासा आणि त्याच्याखाली २५-३० गणितं, पण त्यातली नवीन धड्यावरची थोडीच, बाकी सगळी मागच्या धड्यांची मिसळ. आपल्या पुस्तकात सरावसंच त्या त्या धड्याचाच असतो त्यामुळे धडा संपला की पोरं ते विसरून मोकळी. तू रोज ८ गणितं दे, ३ आजची आणि ५ जुनी. एवढंच. दिरांना म्हणावं सेट नको, येताना चांगली कंपासपेटी आणा.

आयजीसीएसई वाईट नाही, उलट त्यातले प्रश्न चांगले विचार करायला लावणारे असतात आणि २०२५ पासून त्यांच्या गणितात एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय द्यावा लागतो हे मला तर बरंच वाटलं. पण बाहेरून बसायचं तर प्रायव्हेट विद्यार्थी घेणारं सेंटर शोधायला लागतं, फी दर विषयाची वेगळी, आणि सगळं इंग्रजीतून. गुहागरहून पेपरागणिक मुंबई-पुण्याकडे पळायची तयारी असेल आणि मुलीला पुढे परदेशात जायचं असेल तर विचार कर. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही, त्यामुळे मी हे इथेच सोडते.

राहिले दोन रस्ते. काकांचा १७ नंबर आणि दुसरा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिचं नाव तुझ्या चारपैकी एकाही सल्लागाराने घेतलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

१७ नंबरचं चांगलं काय तर बोर्ड आपलं, रत्नागिरीत कोकण विभागाचं मंडळच आहे, पुस्तकं बालभारतीची, गावातल्या कुठल्याही दहावी झालेल्या पोरीकडे जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, अडलं तर विचारायला दहा माणसं. गणित भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० चा पेपर आणि दोन्ही मिळून २० अंतर्गत. मुलीचा पाचवी पासचा दाखला जपून ठेवलायस ना, तो इथे कामाला येतो. मुलाची मात्र पाचवी झालेली नाही, त्याच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा असते तिची चौकशी आत्तापासून कर, ऐनवेळी धावाधाव नको. अडचण एकच, सगळे विषय एका दमात फेब्रुवारी-मार्चला द्यायचे. फोटोतलं पान बघता तुझ्या लेकीला ते इतक्यात झेपेल असं मला वाटत नाही, आणि गणितापायी बाकीच्या विषयांचा पण धीर सुटेल.

एनआयओएस १९८९ पासून आहे, केंद्र सरकारचं आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र इतर बोर्डांच्या बरोबरीचं धरलं जातं. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे लेक बसते. ५ विषय घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे ते सगळे एकदम द्यायची सक्ती नाही, ५ वर्षांत ९ संधी मिळतात. म्हणजे भाषा आणि ज्यात ती तयार आहे ते आधी उरकायचं आणि गणित सगळ्यात शेवटी, निवांत. मराठी माध्यम घेता येतं. टीएमए म्हणून घरी करायचा स्वाध्याय असतो त्याला २० टक्के वजन असतं. पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत.

आणि तुझ्यासाठी खास गोष्ट. त्यांची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल-मेचं नावसुद्धा काढू नकोस. ज्या घरात अंगणात पेट्या भरतायत, पेंढा पसरलाय, होमस्टेचे पाहुणे पन्हं मागतायत, त्या घरात कोणी भूमितीचा पेपर देत नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा धर. पाऊस सरलेला असतो, गणपती होऊन गेलेले असतात. फक्त त्या परीक्षेसाठीची ॲडमिशन बरीच आधी घ्यावी लागते, तारखा साइटवर बघून कॅलेंडरवर मोठ्ठ्या लिहून ठेव. एक सावधगिरी: तिथे गणित न घेतासुद्धा दहावी करता येते, आणि मुलीला ते कळलं की ती तेच म्हणेल! ऐकू नकोस. चौदाव्या वर्षी दार बंद केलं आणि सतराव्या वर्षी तिला आर्किटेक्ट व्हावंसं वाटलं तर काय करशील.

तर माझं उत्तर असं, की परीक्षा एनआयओएस, पण रोजचं पुस्तक सध्या बालभारतीचं. आठवीचं आणि मग नववीचं, पीडीएफ फुकट आहेत पण छापील घे, जूनमध्ये तुमच्याकडे लाइट किती वेळ असते ते तू जाणतेस, व्हिडिओवर चालणारा अभ्यासक्रम पहिल्या वादळात बंद पडतो. मागे उत्तरसूची आहे. शब्द तुझ्या ओळखीचे आहेत, सहगुणक, समरूपता, महत्त्वमापन, तू हे शाळेत ऐकलंयस. दर धड्याला वहीच्या मागच्या पानावर मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून घे, बहुपदी म्हणजे पॉलिनोमियल, अकरावीत गेल्यावर तिची धांदल होणार नाही. नववी नीट झाली की शेवटचं वर्ष एनआयओएसचं स्वतःचं पुस्तक, कारण पेपर त्यावर येणार, आणि त्यात नफा-तोटा-व्याजाचा व्यापारी गणिताचा भाग चांगला आहे, होमस्टेचा हिशोब तिच्याकडेच देऊन टाक. आणि आठवड्यातून दोनदा गावातल्या एखाद्या निवृत्त गणिताच्या सरांकडे तिला अर्धा तास पाठव, शिकवणी म्हणून नाही, अडलेली गणितं घेऊन. तू सगळं एकटीने ओढायचं कारण नाही.

आता त्या गळतीचं. अपूर्णांकांसाठी मी तुला पुस्तक सांगणारच नाहीये, तुझ्या सासूबाईंना सांगणार आहे. त्यांना विचार पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी येते का. त्या पिढीला हे पाढे तोंडपाठ असायचे, पाऊणकी म्हणजे पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. त्या शाळेत घाल म्हणतायत ना, त्यांनाच शाळेत घे! संध्याकाळी दिवेलागणीला नातवंडांना पाऊणकी म्हणायला लावू देत, कुरकुर निम्मी कमी होईल आणि पोरांचा अपूर्णांकांचा बाऊ पण जाईल.

आणि त्या पाऊणकीचं पुढे काय करायचं ते सांगते, कारण इथे मला फार मजा येते. तुझ्या सासऱ्यांना, नाहीतर खाडीवर पाग टाकणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचार, आज भरती किती वाजता. तो बोटं मोडून तिथी काढेल आणि तिची पाऊणपट करेल. चतुर्थी, चार पाऊण तीन, भरती ३ च्या सुमारास. अष्टमी, ६. कोकणात कित्येक जण हे असंच करत आलेत. आता हे लेकीला आलेखाच्या कागदावर काढायला लाव. आडव्या अक्षावर तिथी १ ते १५, उभ्यावर तास. ठिपके जोडले की सरळ रेघ येते. हे दोन चलांतलं रेषीय समीकरण झालं, नववीच्याच पुस्तकातला धडा, फक्त रेघ तिच्या आज्याची आहे.

मग तिला विचार, पंधराव्या तिथीला काय येतं? १५ पाऊण सव्वाअकरा. पण अमावस्येला किंवा पौर्णिमेला भरती परत १२ च्या आसपास यायला पाहिजे, कारण तिथूनच आपण सुरू केलं होतं. पाऊण तास कमी पडला! कुठे गेला? तिला दोन दिवस डोकं खाजवू दे, लगेच सांगू नकोस. १५ तिथ्यांत १२ तास पुढे सरकायचं तर एका तिथीला १२/१५, म्हणजे ०.८ तास, ४८ मिनिटं. आजोबांची पाऊणकी ४५ मिनिटं धरते कारण तोंडी करायला ती सोपी. खरी भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणजे आजोबा चुकले नाहीत, त्यांनी रेघेचा चढ हाताला सोपा पडेल असा घेतला. मग महिनाभर तिने रोज खाडीवर जाऊन भरतीची खरी वेळ वहीत टिपायची, भावाला सोबत घेऊन, आणि ते ठिपके त्याच कागदावर टाकायचे. ते पाऊणकीच्या आणि ४८ मिनिटांच्या, दोन्ही रेघांच्या थोडे वर किंवा खाली पडतील, कारण प्रत्येक खाडीच्या तोंडाशी भरती थोडी आगेमागे येते, ती जी सगळीकडे सारखी भर पडते ना तोच रेघेच्या समीकरणातला, वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी मधला सी. माझ्या मुलाला सी काय असतो ते मी दहा वेळा फळ्यावर सांगितलं, कळलं त्याला जेटीवर.

हे असं रोज करता येत नाही हे पण सांगते, नाहीतर तू प्रत्येक धड्यासाठी समुद्रावर जाशील. अवयव पाडायला अवयवच पाडायला लागतात. ४० मिनिटं, सकाळी, चहानंतर, आठवड्यातून ५ दिवस, त्यातले पहिले दोन महिने निम्मा वेळ चिन्हांवर आणि अपूर्णांकांवर. मार्च ते मे फक्त १५ मिनिटं, जुनी गणितं, नवीन काही नाही. मुलाला बहिणीच्या मागे ओढू नकोस, त्याला सहावीचं पुस्तक दे आणि सावकाश जाऊ दे, त्याच्याकडे अजून वेळ आहे.

शाळेत का घालत नाही असं विचारणाऱ्यांना चहा दे आणि विषय बदल, त्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

बारा गणितांचा कागद झाला की त्याचा फोटो पाठव. पेनने करायला सांग, खोडरबर देऊ नकोस, मला रफ काम बघायचंय.